ऑपरेशननंतरची राखण

जन्मजात हृदयदोष असलेलं मूल मुंबईहून किंवा नाशिकहून ऑपरेशन करून गावी परततं, तेव्हा घरच्यांना वाटतं, आता सुटलो. तसं वाटणं स्वाभाविक आहे. शिबिरं, कागदपत्रं, तारखा, उसनवारी आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात काढलेल्या रात्री या सगळ्यांतून ते गेलेले असतात. छातीवरची जखम भरून आलेली असते, ओठांचा निळेपणा कमी झालेला असतो, पोर अंगणात खेळू लागलेलं असतं. पण अशा अनेक मुलांच्या शरीरात एक धोका पुढची काही वर्षं, काहींच्या बाबतीत जन्मभर, सोबतीला राहतो. तो म्हणजे रक्ताची गुठळी, नको त्या जागी रक्त गोठणं. हे पुस्तक त्या धोक्याबद्दल आहे. जन्मजात हृदयविकारावर मराठीत जे माझ्या वाचनात आलं, ते बहुतेक निदान आणि शस्त्रक्रिया इथपर्यंत येऊन थांबतं. त्यापुढची राखण घरच्यांनी आणि गावातल्या डॉक्टरांनी करायची असते आणि नेमकी तिथेच त्यांच्या हाती काही नसतं.

दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळं जन्माला येतात असा अंदाज आहे आणि त्यांतल्या सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात. दोष सगळे सारखे नसतात. हृदयाच्या पडद्याला भोक असणं हा सर्वांत परिचित प्रकार. ते वेळेवर बंद झालं तर बहुतेक मुलं पुढे निर्धास्त वाढतात. दुसरा गट निळ्या बाळांचा. फॅलोज टेट्रालॉजीसारख्या दोषात फुप्फुसाकडे पुरेसं रक्त जात नाही, अशुद्ध रक्त शरीरात मिसळतं, रडताना बाळ निळं पडतं आणि जरा मोठं झालेलं पोर चालता चालता दम लागला की उकिडवं बसतं. तिसरा गट सर्वांत अवघड: हृदयाचा एकच कप्पा नीट वाढलेला असतो आणि त्या एका कप्प्यावर सारं आयुष्य काढायचं असतं. गुठळीचा धोका या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात जास्त. कृत्रिम झडप बसवलेल्या मुलांचाही यात समावेश होतो.

रक्त नको तिथे का गोठतं, याचं उत्तर समजून घ्यायला आजही जर्मन रोगविज्ञ रुडॉल्फ विर्शो यांच्या १८५०च्या दशकातल्या कामापासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कारणं तीन: रक्ताचा प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावणं आणि रक्तातच गोठण्याचा कल वाढणं. हृदयदोष असलेल्या मुलात ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असू शकतात. जोडलेल्या वाहिन्यांतून रक्त हळू वाहतं. शस्त्रक्रियेचे टाके, कृत्रिम नळी, मांडीतून घातलेला कॅथेटर, औषधांसाठी मानेत ठेवलेली लाइन यांनी अस्तर दुखावतं. आणि निळ्या मुलाचं रक्त मुळातच दाट असतं. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर लाल पेशी वाढवत राहतं, रक्त घट्ट होतं आणि मेंदूच्या शिरांत अडकू शकतं. शिवाय निळ्या मुलाच्या हृदयात उजवीकडचं रक्त फुप्फुसातून गाळलं न जाता थेट डावीकडे जाण्याची वाट असते. त्यामुळे पायाच्या शिरेत तयार झालेली गुठळी मेंदूपर्यंत पोहोचू शकते. मुलांमधल्या पक्षाघाताच्या मोठ्या कारणांत हृदयरोग आहे तो यामुळेच.

त्यातही तान्ह्या बाळाचं रक्त मोठ्या माणसाच्या रक्तापेक्षा वेगळं वागतं. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नीट कळली ती कॅनडाच्या रक्तविकारतज्ज्ञ मॉरीन अँड्र्यू यांच्या १९८०च्या दशकातल्या कामामुळे. जन्मतः रक्त गोठवणारे काही घटक मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतात आणि गोठणं रोखणारे घटकही तितकेच कमी असतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी, म्हणून निरोगी बाळात तोल सांभाळला जातो. आजारपण, शस्त्रक्रिया किंवा औषध यांनी एक पारडं थोडं जरी हललं तरी तोल जातो. हेपॅरिन हे औषध अँटिथ्रॉम्बिन नावाच्या घटकामार्फत काम करतं आणि तोच घटक नवजात बाळात कमी असतो. म्हणून वजनाच्या हिशेबाने बाळाला हेपॅरिन मोठ्यांपेक्षा जास्त लागतं. मोठ्यांचा डोस वजनाने भागून मुलाला द्यायचा, ही सवय त्यामुळेच मोडावी लागली.

या क्षेत्राचा इतिहास म्हणजे शस्त्रक्रिया पुढे जात राहिल्या आणि गुठळी त्यांच्या मागोमाग येत राहिली, असा आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका निळ्या बाळावर शस्त्रक्रिया केली. कल्पना हेलन टॉसिग यांची होती आणि प्रयोगशाळेत ती तंत्रात उतरवली होती व्हिव्हियन थॉमस यांनी. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून त्यांनी रक्ताला नवी वाट दिली. पुढे धमनी वळवण्याऐवजी मधे कृत्रिम नळी घालण्याची पद्धत रूढ झाली. तान्ह्या बाळात ही नळी साडेतीन-चार मिलीमीटर व्यासाची असते, रसवंतीतल्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. कित्येकदा फुप्फुसाकडे जाणारं जवळजवळ सगळं रक्त त्या एकाच नळीतून वाहतं. तिच्यात गुठळी अडकली तर बाळ काही मिनिटांत निळं-काळं पडतं.

एका कप्प्याच्या हृदयासाठी दोन टप्प्यांचा मार्ग तयार झाला. १९५८मध्ये विल्यम ग्लेन यांनी शरीराच्या वरच्या भागातलं अशुद्ध रक्त थेट फुप्फुसाकडे नेलं. १९६८मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे फ्रान्सिस फोंटाँ यांनी खालच्या भागातलं रक्तही तसंच वळवलं. फोंटाँ रचनेत रक्त फुप्फुसाकडे ढकलायला पंपच नसतो. ते शिरांच्या दाबाने संथपणे सरकत जातं. ज्या रचनेने असंख्य मुलांना तारुण्यापर्यंत नेलं, तिच्यातच विर्शो यांचं पहिलं कारण कायमचं बसलेलं आहे.

औषधांची गोष्ट याला समांतर चालली. १९१६मध्ये जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून हेपॅरिनचा माग लागला. कुजलेला गवती चारा खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या अमेरिकेतल्या गुरांवरून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने जे संयुग शोधलं, त्याच कुळातून वॉर्फरिन आलं. ते १९४८मध्ये उंदीर मारण्याचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४पासून माणसांसाठी वापरलं जाऊ लागलं. आपल्याकडे त्याच जातीचं ॲसेनोकुमारॉलही बरंच लिहून दिलं जातं. या गोळ्या के जीवनसत्त्वाचं काम रोखतात, म्हणून त्यांचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजावा लागतो. आकडा फार खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. कृत्रिम झडपांच्या बाबतीत भारताने स्वतःची वाट शोधली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली चित्रा झडप डिसेंबर १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली. झडप स्वस्त झाली, पण धातूची कोणतीही झडप बसवली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर चुकत नाही.

आज या विषयात विचारांचे तीन प्रवाह दिसतात. पहिला शल्यविशारदांचा: रक्ताची वाटच अशी बांधा की प्रवाह कुठे तुंबणार नाही. फोंटाँ शस्त्रक्रियेची रूपं बदलत गेली ती या आग्रहातून. दुसरा औषधांचा, आणि त्यात खरा वाद आहे. ॲस्पिरिन पुरे, की वॉर्फरिन हवंच? फोंटाँनंतर १११ मुलांवर झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोघांत ठळक फरक आढळला नाही. त्याहून महत्त्वाचं असं की, दोन वर्षांत दोन्ही गटांत साधारण दर पाच मुलांमागे एकाला गुठळी झाली आणि बऱ्याच गुठळ्या लक्षणांविना, केवळ इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसल्या. नळी बसवलेल्या ९०६ बाळांवर ॲस्पिरिनसारख्या नेहमीच्या उपचारांच्या जोडीला क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारं आणखी एक औषध देऊन पाहिलं, त्याचा फायदा झाला नाही. तो निष्कर्ष २०१३मध्ये आला. आता नव्या गोळ्यांचं युग सुरू झालं आहे. त्यांतल्या रिव्हरॉक्साबॅनला वारंवार आयएनआर लागत नाही. फोंटाँ झालेल्या ११२ मुलांच्या अभ्यासात फरक तिच्या बाजूचा दिसला, पण संख्या लहान असल्याने छातीठोक निर्णय देता आला नाही. तरी २०२१च्या अखेरीस अमेरिकेत या मुलांसाठी तिला मान्यता मिळाली. धातूची झडप बसवलेल्या मुलांना मात्र या नव्या गोळ्या चालत नाहीत.

तिसरा प्रवाह पाठपुराव्याचा. औषध कोणतंही असो, ते रोज पोटात जातं का, तपासणी वेळेवर होते का, ताप-जुलाबात काय करायचं हे घराला माहीत आहे का, यावर मुलाचं भवितव्य ठरतं असं या प्रवाहाचं म्हणणं आहे. श्रीमंत देशांत बोटातून थेंबभर रक्त घेऊन घरीच आयएनआर मोजण्याची यंत्रं आणि फोनवरून डोस सांगणाऱ्या परिचारिका यांतून तो रुजला. आपल्यासाठी हाच प्रवाह सर्वांत मोलाचा आहे असं माझं मत आहे, आणि हे पुस्तकही त्याच बाजूने उभं आहे.

याचं कारण खान्देशच्या भूगोलात आहे. उदाहरणार्थ, दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं, मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मुलांचा हृदयशल्यविशारद गाठायचा तर नाशिक, नाहीतर रात्रभराच्या प्रवासावरची मुंबई. गुठळी मात्र प्रवासाची वाट पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. निरोगी पोरालाही त्या उन्हात जुलाब लागले तर कोमेजायला वेळ लागत नाही. निळ्या मुलाचं आधीच दाट असलेलं रक्त अंगातलं पाणी कमी होताच आणखी घट्ट होतं आणि नळीतला प्रवाह मंदावतो. म्हणून अशा मुलाचे दोन-चार जुलाब म्हणजे 'उद्या बघू' म्हणण्याची गोष्ट नव्हे. लगेच ओआरएस सुरू करायचं, आणि बाळ दूध टाकू लागलं, सुस्तावलं किंवा नेहमीपेक्षा निळं दिसू लागलं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

दवाखान्यातही काही गोष्टी माहीत असायला हव्यात. निळ्या मुलाला सलाइन लावताना नळीतला हवेचा बुडबुडा एरवीसारखा 'चालतो' म्हणून सोडता येत नाही. शिरेतून गेलेली ती हवा हृदयातल्या भोकातून थेट मेंदूत जाऊ शकते. सलाइन जोडण्याआधी नळी टिचकी मारून, प्रकाशात धरून पाहायला अर्धा मिनिट पुरतो. वॉर्फरिन घेणाऱ्या मुलाच्या दंडात किंवा कुल्ल्यात सुई टोचली तर स्नायूत रक्त साचू शकतं. 'एक सुई मारा डॉक्टर' या आपल्या जुन्या आग्रहाला इथे आवर घालावा लागतो. तापाला आयब्युप्रोफेन देऊ नये. कांजिण्या किंवा फ्लू झाला तर ॲस्पिरिन घेणाऱ्या मुलाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, कारण त्या काळात ॲस्पिरिनमुळे रे सिंड्रोम हा दुर्मिळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. क्षयावरचं रिफॅम्पिसिन वॉर्फरिनचा परिणाम उतरवतं, तर मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमोक्साझोल तो चढवतात. गावातल्या औषध दुकानातून जुलाबासाठी सहज मिळणारी गोळी अशा घरात सहज घेता येत नाही.

रक्ताच्या अहवालाचंही तसंच. निळ्या मुलाचं हिमोग्लोबिन १४ आलं की प्रयोगशाळा ते योग्य म्हणते आणि घरचे खूश होतात. पण ज्या मुलाच्या अंगात ऑक्सिजन कायम कमी आहे, त्याच्या शरीराने ते १७-१८च्या पुढे नेलेलं असायला हवं. त्याच्यासाठी १४ म्हणजे बहुधा लोहाची कमतरता, आणि लोह कमी असलेल्या निळ्या लहान मुलात मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो. कुपोषण आणि ॲनिमिया जिथे नेहमीचे आहेत, त्या धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात ही बारीक गोष्ट फार मोठी ठरते. याच पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलही आढळतो आणि तो स्वतःच रक्त अडकवणारा आजार आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे ना, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

जेवणाबद्दल पालकांना सर्वांत जास्त प्रश्न पडतात. वॉर्फरिन सुरू झालं की काही घरांत पालेभाजी बंद होते. तशी गरज नाही. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण घात होतो तो खाण्यातल्या चढउतारामुळे. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, भरताला मुठी-मुठीने कांद्याची पात पडते, बाजूला मेथी असते. तीन दिवस ते खाल्लं आणि पुढचा महिना पाला ताटात नाही, असं झालं तर आयएनआर खालीवर होणारच. आठवड्याला जेवढी पालेभाजी घरात खाल्ली जाते तेवढी दर आठवड्याला खावी आणि डोस त्या हिशेबाने बसवून घ्यावा. लहान बाळाच्या ॲस्पिरिनचंही नेमकेपण असंच पाळावं लागतं. ७५ मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी बाळाच्या वजनाप्रमाणे पाव किंवा त्याहूनही कमी लागते. ती किती पाण्यात विरघळवायची आणि त्यातलं किती सिरिंजने द्यायचं, हे डॉक्टरांकडून समोर करून दाखवून घ्यावं, अंदाजाने करू नये.

हा विषय आत्ताच का मांडायचा? कारण वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होता. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यात उपचारांबरोबर पाठपुराव्याची १२१ पॅकेजंही सुरुवातीपासून होती. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत येणारी त्याची पथकं हृदयदोषाची मुलं हुडकतात आणि पुढे पाठवतात. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीसारखी रुग्णालयं पैसे न घेता शस्त्रक्रिया करतात. जी मुलं पूर्वी निदानाआधीच जात, ती आता शाळेत आहेत. त्यांतली काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. सहा महिने फाइल गावी, मूल फडात आणि गोळी संपलेली. कार्यक्रमांच्या कागदावर शस्त्रक्रिया झाली की नोंद पूर्ण होते. मुलाच्या बाबतीत मात्र तिथून पुढे खरं काम सुरू होतं.

हे पुस्तक तीन वाचकांसाठी आहे. पहिले पालक, त्यांना धोक्याची लक्षणं ओळखता यावीत आणि प्रश्न विचारायचं धाडस यावं. दुसरे गावातले डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि अंगणवाडीताई. पहिला तास त्यांच्याच हातात असतो. तिसरे शिक्षक, ज्यांच्या वर्गातलं एखादं मूल एका बाजूचा हात उचलत नाही, बोलताना अडखळतं किंवा एकाएकी ओकाऱ्यांसह जोरात डोकं दुखतं म्हणतं, तेव्हा ते थकलेलं आहे असं समजून त्याला झोपू देण्यात वेळ जाऊ नये. पुस्तक डॉक्टरांची जागा घेत नाही. त्यातला एकही डोस स्वतःहून बदलण्यासाठी नाही. गोळी का, तपासणी कशासाठी आणि कधी धावायचं, एवढं प्रत्येक घराला स्वच्छ समजावं ही त्याची मर्यादा आहे आणि महत्त्वाकांक्षाही.

वाचकांना माझं सांगणं थोडक्यात आहे. घरात असं मूल असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत त्याच्या दोषाचं नाव, झालेली शस्त्रक्रिया, औषधाचं नाव आणि डोस, शेवटचा आयएनआर आणि शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाचा फोन लिहा. त्याची एक प्रत घरात, एक शाळेत आणि एक प्रवासाच्या पिशवीत ठेवा. घरात असं मूल नसेल, पण तुम्ही ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, रुग्ण कल्याण समितीत किंवा वर्तमानपत्रात असाल, तर एक मागणी लावून धरा: आयएनआरची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, अहवाल त्याच दिवशी मिळावा आणि त्यासाठी पैसे लागू नयेत. महागडी शस्त्रक्रिया शासनाने करून दिलेल्या मुलाचा जीव एका साध्या तपासणीअभावी जाणं, हे आपण यापुढे चालू देता कामा नये.